शुक्राची कोर आणि पंचांगातले दोन अस्त

२०२५ सालच्या महाशिवरात्रीची संध्याकाळ. भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन आम्ही सगळे गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीवर चढलो होतो. ओळखीच्या एका शिक्षकांकडून लहानशी दुर्बीण दोन दिवसांसाठी उसनी आणली होती. पश्चिमेला त्र्यंबकच्या डोंगरांच्या वर शुक्र असा झगझगत होता की तो शोधायची गरजच नव्हती. दुर्बीण त्याच्यावर लावली आणि मान मावशीला दिला.

तिने डोळा लावला आणि लगेच काढला. "अरे, हा तर चंद्र लावून ठेवलायस."

"मावशी, उद्या अमावास्या आहे. आकाशात चंद्र दाखव बरं कुठे आहे."

तिने मान फिरवून सगळं आकाश तपासलं, पुन्हा डोळा लावला, आणि निकाल दिला, "मग काच फुटलीय याची."

काच शाबूत होती. शुक्र खरोखरच कोरीसारखा दिसत होता, द्वितीया-तृतीयेच्या चंद्रासारखा, फक्त इवलासा. मावशीला मग आठवलं, "हां, शुक्राचार्य एकाक्षच ना! वामनाने झारीत दर्भ खुपसला तेव्हापासून. अर्धाच दिसणार तो." आठवीतल्या भाचीला हे काही पटलं नाही. ती म्हणाली, "मामा, आपल्या पृथ्वीची सावली पडली असेल त्याच्यावर."

त्यानंतर डोक्यावर आलेला गुरू पाहिला. गोल, गरगरीत, बाजूला चार चंद्र. मग मंगळ. तो तांबूस, लहान, आणि नीट पाहिलं तर एका कडेने किंचित चेपल्यासारखा. भाचीचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: "मग गुरूची कोर कधी दिसेल?"

कधीच नाही. पृथ्वीवरून तर नाहीच.

सावलीपासून सुरुवात करू, कारण ही गैरसमजूत फार मुरलेली आहे. चंद्राच्या कलासुद्धा पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं सांगणारे चांगले शिकलेले लोक मला भेटले आहेत. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. ती सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला, निमुळती होत साधारण १४ लाख किलोमीटरवर संपते. शुक्र आपल्या जवळात जवळ येतो तेव्हासुद्धा ४ कोटी किलोमीटरवर असतो, आणि तोही सूर्याच्याच बाजूला. सावली एकीकडे आणि शुक्र दुसरीकडे. त्यांची गाठ पडायचा प्रश्नच येत नाही.

खरं कारण आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवलं आहे. पृथ्वी काय आणि ग्रह काय, त्यांच्या गोलाचा अर्धा भाग स्वतःच्याच छायेने काळोखात असतो आणि सूर्याकडचा अर्धा उजळलेला असतो, असं तो म्हणतो. त्याने यात ताऱ्यांनाही ओढलं, ते चुकलं. तारे स्वयंप्रकाशी आहेत. ग्रहांबाबत मात्र तो अगदी बरोबर होता. शुक्राची काळोखी बाजू म्हणजे शुक्राची स्वतःची रात्र. शुक्र दर क्षणी अर्धा उजळ आणि अर्धा काळा असतोच असतो, गुरूही तसाच, आणि आपणही. प्रश्न एवढाच की त्या उजळ अर्ध्या भागातला किती भाग आपल्या वाट्याला येतो. त्याचं उत्तर आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं.

शाळेत हे दाखवायला दिवा आणि चेंडू घेतात. मुलगा मधे उभा राहतो आणि हातातला चेंडू स्वतःभोवती फिरवतो. चंद्रासाठी हा प्रयोग उत्तम आहे, पण ग्रहांसाठी तो दिशाभूल करतो. चंद्र आपल्याभोवती फिरतो, ग्रह फिरत नाहीत. इथे मधे दिवा असतो आणि आपणही इतरांसारखेच त्याच्याभोवती चकरा मारत असतो.

म्हणून मी भाचीला गोल्फ क्लब मैदानाची आठवण करून दिली. कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं. तिथला चालायचा ट्रॅक डोळ्यांसमोर आणा. वेळ रात्रीची, सगळे दिवे बंद, आणि मैदानाच्या बरोबर मधोमध एकच झगझगीत दिवा. त्याभोवती तीन रिंगणं. मधल्या रिंगणात तुम्ही चालताय. आतल्या रिंगणात पांढरा सदरा घातलेला एकजण तुमच्यापेक्षा भराभर चालतोय. बाहेरच्या रिंगणात आणखी एकजण, तो संथ.

आतला माणूस दिव्याच्या पलीकडे गेला की त्याची दिव्याकडची बाजू तुमच्याकडेही असते. सदरा पूर्ण उजळलेला दिसतो. पण तो लांब असतो, म्हणून लहान दिसतो, आणि दिव्याचा झोत तुमच्या डोळ्यांत येत असल्याने नीट दिसतच नाही. तो बाजूला आला की सदऱ्याची अर्धी बाजू उजळ, अर्धी काळी. आणि तुम्हाला मागून गाठून तो तुमच्या आणि दिव्याच्या मधे आला की त्याची उजळ बाजू पूर्णपणे दिव्याकडे, तुमच्याकडे काळोखी बाजू. फार तर एका कडेला प्रकाशाची रेघ. पण आता तो अगदी जवळ असतो, आणि म्हणून मोठा दिसतो.

आतल्या रिंगणातला तो माणूस शुक्र. सूर्यापासून तो साधारण १०.८ कोटी किलोमीटरवर आहे, आपण १५ कोटींवर. तो पलीकडे असताना आपल्यापासून जवळपास २६ कोटी किलोमीटर दूर असतो, आणि अलीकडे असताना जेमतेम ४ कोटी. म्हणजे अंतरात सहापटीचा फरक. दुर्बिणीतून शुक्र पाहणाऱ्याला सगळ्यांत आधी हेच खटकतं: पूर्ण शुक्र अगदी चिमुकला आणि कोरीचा शुक्र भलामोठा. चंद्राचं असं नसतं. पौर्णिमेचा चंद्र काय आणि तृतीयेचा काय, आकाराने जवळपास सारखाच.

चंद्राशी आणखी एक फरक आहे, आणि पंचांग पाहणाऱ्या माणसाला तो लगेच कळेल. आपली तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं कोनीय अंतर, दर बारा अंशांना एक तिथी. त्यामुळे चंद्र सूर्यापासून किती दूर आहे ते सांगितलं की त्याची कला सांगता येते. शुक्राला हा हिशेब लावता येत नाही. संध्याकाळी तो सूर्यापासून तीस अंशांवर दिसला, तर तो पलीकडच्या बाजूचा, लहान आणि जवळपास पूर्ण असू शकतो, किंवा अलीकडच्या बाजूचा, मोठा आणि कोरीचा. नुसत्या जागेवरून कळत नाही. शिवाय शुक्र सूर्यापासून कधीच ४७ अंशांपेक्षा लांब जात नाही. आतल्या रिंगणातला माणूस तुमच्या पाठीमागे कसा येईल? म्हणून मध्यरात्री शुक्र कधीही दिसत नाही. सूर्यास्तानंतरचे काही तास किंवा सूर्योदयाआधीचे काही तास, एवढाच त्याचा कारभार. आणि चंद्राच्या पौर्णिमेसारखी शुक्राची पौर्णिमा, जी सूर्य मावळताना पूर्वेला उगवेल, ती तर अशक्यच. तो पूर्ण असतो तेव्हा सूर्याच्या मागे दडलेला असतो.

आता तेजाचं पाहू. चंद्र पूर्ण असला की सर्वांत तेजस्वी. त्यावरून वाटेल, शुक्रही पूर्ण असतानाच सर्वांत तेजस्वी असणार. घडतं उलटं. शुक्र सर्वांत जास्त झळकतो तो सूर्य-पृथ्वीच्या मधे येण्याच्या साधारण पाच आठवडे आधी आणि पाच आठवडे नंतर, आणि तेव्हा त्याची फक्त चतुर्थांश तबकडी उजळलेली असते. चंद्राच्या भाषेत बोलायचं तर पंचमी-षष्ठीची कोर. आकडेमोड सोपी आहे. पलीकडच्या पूर्ण शुक्राची रुंदी १० धरली, तर या कोरीच्या शुक्राची ४० च्या आसपास असते. रुंदी चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. त्याचा चौथा हिस्सा घेतला तरी पूर्ण शुक्राच्या चौपट उजळ क्षेत्र आकाशात दिसतं. अर्थात कोरीवरचं ऊन आपल्या बाजूने तिरकं असतं, त्यामुळे तेज काही चौपट होत नाही. पण दुपटीहून थोडं जास्त नक्की होतं. त्या महाशिवरात्रीला शेजारच्या गच्चीवरून विमान म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जात होतं, तो शुक्र मुळात जेमतेम सहावा हिस्सा उजळलेला होता.

मग ही कोर नुसत्या डोळ्यांना का दिसत नाही? कोरीचा शुक्र सगळ्यांत मोठा असतो तेव्हा त्याची रुंदी सुमारे एक कला असते. इथे कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. मराठीत हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, काय करणार. दोन सेंटिमीटर रुंदीचं नाणं सत्तर मीटरवर धरलं तर ते एवढं दिसेल. निरोगी डोळ्याची मर्यादा नेमकी इथेच संपते. त्यात शुक्र इतका झगझगीत की त्याच्या चकाकीत आकार विरघळून जातो. नुसत्या डोळ्यांनी कोर पाहिल्याचं काहीजण छातीठोकपणे सांगतात. मला ते कधी जमलेलं नाही.

आता मावशीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते तो भाचीच्या प्रश्नापेक्षा भारी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मुहूर्त मिळेना, कारण शुक्राचा अस्त. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. मावशी वैतागली. "मार्चमध्ये शुक्राचा अस्त होता तो जेमतेम आठवड्यात उरकला. आणि हा दीड महिना झाला तरी संपत नाही. एकाच ग्रहाचे दोन अस्त, एक एवढासा आणि एक एवढा मोठा?"

लग्नासाठी अस्त पाळावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तिची शंका अचूक होती, आणि तिच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेत शुक्राच्या कलांचा अर्धा पुरावा छापलेला होता हे तिला ठाऊक नव्हतं.

ग्रहाचा अस्त म्हणजे तो रोज मावळतो तो नव्हे. तो सूर्याच्या इतका जवळ जातो की संधिप्रकाशात हरवतो, तो हा अस्त. शुक्र साधारण ५८४ दिवसांत एक पूर्ण फेरा करतो आणि त्यात दोनदा हरवतो. एकदा सूर्याच्या मागून जाताना, त्याला बहिर्युती म्हणतात. आणि एकदा सूर्याच्या पुढून जाताना, ती अंतर्युती. मागून जाताना तो आपल्यापासून २६ कोटी किलोमीटरवर असतो. रस्त्यावर लांबून जाणारा ट्रक कसा रेंगाळल्यासारखा वाटतो, तसा तो सूर्याच्या तुलनेत दिवसाला जेमतेम पाव अंश सरकतो. पुढून जाताना तो सहापट जवळ असतो, आणि दिवसाला दीड अंशाहून जास्त सरकतो. अंतर सहापट कमी, वेग सहापट जास्त. त्यामुळे मागचा अस्त दीड-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त रेंगाळतो, आणि पुढचा आठ-दहा दिवसांत, कधी त्याआधीच आटोपतो. ऋतूप्रमाणे आणि शुक्र सूर्याच्या किती उत्तरेकडून वा दक्षिणेकडून जातो त्याप्रमाणे दिवस थोडे पुढेमागे होतात.

मार्च २०२५ चा अस्त अंतर्युतीचा होता. म्हणजे महाशिवरात्रीला मावशीने पाहिलेली कोर अधिकाधिक बारीक होत गेली आणि २३ मार्चला शुक्राची 'अमावास्या' झाली. डिसेंबर-जानेवारीतला अस्त बहिर्युतीचा. मावशीच्या लेकीचा मुहूर्त ज्याने अडवला, तो शुक्र त्या वेळी सूर्याआड जवळपास पूर्ण उजळलेला, पूर्ण गोल होता. झारीतल्या शुक्राचार्यांनी जिथे अडवायचं तिथे अडवलंच.

पंचांगात 'पश्चिमेस अस्त, पूर्वेस उदय' असं लिहिलं असेल तर तो छोटा अस्त, कोरीचा. 'पूर्वेस अस्त, पश्चिमेस उदय' असेल तर मोठा अस्त, पूर्ण शुक्राचा. हा फरक आपल्या जुन्या ज्योतिर्विदांना चांगला माहीत होता. सूर्यसिद्धांतात शुक्राच्या अस्ताची मर्यादा दोन प्रकारांनी दिली आहे. पश्चिमेला मावळून पूर्वेला उगवतो तेव्हा आठ अंश, कारण तेव्हा त्याचं बिंब मोठं असतं. पूर्वेला मावळून पश्चिमेला उगवतो तेव्हा दहा अंश, कारण तेव्हा ते लहान असतं. दुर्बीण नसताना! मोठा शुक्र सूर्याच्या जास्त जवळ गेला तरी दिसत राहतो, लहान शुक्र लवकर हरवतो, एवढं त्यांनी ताडलं होतं.

उरलेला अर्धा पुरावा, म्हणजे खुद्द कोर, पाहायला मात्र १६१० साल उजाडावं लागलं. त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत गॅलिलिओने आपली दुर्बीण संध्याकाळच्या शुक्रावर रोखली. शुक्र आधी लहान आणि गोल होता, मग अर्धा झाला, मग मोठा आणि कोरीचा. शोध आपल्या नावावर राहावा पण घाईने जाहीरही करावा लागू नये, म्हणून त्याने ११ डिसेंबर १६१० रोजी अक्षरांची उलटापालट केलेलं एक लॅटिन कोडं प्रागला धाडलं. तिथे ज्योतिर्विद केप्लर होता. त्याने डोकं खूप खाजवलं, पण ते सुटलं नाही. १ जानेवारी १६११ च्या पत्रात गॅलिलिओने उत्तर कळवलं: प्रेमाची जननी चंद्राच्या रूपांची नक्कल करते. त्यांच्याकडे शुक्र ही प्रेमदेवता, आपल्याकडे दैत्यांचे दाढीवाले गुरुजी. नक्कल मात्र दोघांनाही चुकली नाही.

या कोरीने एवढी खळबळ का उडाली? पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या टॉलेमीच्या मांडणीतही शुक्र जवळ-दूर होत होता, मागे-पुढे जात होता, आणि अस्ताचे दिवसही गणिताने ठीक निघत होते. त्यासाठी शुक्राला एका छोट्या वर्तुळावर फिरवलं होतं, आणि त्या वर्तुळाचं केंद्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांना जोडणाऱ्या रेषेवर, सूर्याच्या अलीकडे ठेवलं होतं. म्हणजे शुक्र नेहमीच आपल्या आणि सूर्याच्या दरम्यान. गोल्फ क्लबवर आतला माणूस दिव्याच्या पलीकडे कधी जातच नाही, अलीकडेच छोट्या चकरा मारत राहतो, असं समजा. मग त्याचा सदरा अर्ध्याहून जास्त उजळलेला तुम्हाला कधीच दिसणार नाही. शुक्राला उचलून सूर्याच्या पलीकडे ठेवलं तर नेमकं उलटं: तो कायम जवळपास पूर्ण दिसेल, कोर कधीच नाही. गॅलिलिओला पूर्णही दिसला आणि कोरही दिसली. दोन्ही दिसायचं तर शुक्राने सूर्याला प्रदक्षिणा घातलीच पाहिजे.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी, कारण बरीच पुस्तकं ती देत नाहीत. कोरीने टॉलेमीची मांडणी मोडली, पण पृथ्वी फिरते हे काही तिने सिद्ध केलं नाही. टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाच्या मांडणीत बाकीचे ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरत होता. तिच्यातही शुक्राच्या कला अगदी व्यवस्थित बसतात. त्या वादाचा निकाल लागायला पुढे वेगळे पुरावे लागले.

बुधाबद्दल फार लिहीत नाही. तोही आतल्या रिंगणातला, त्यामुळे त्याच्याही सगळ्या कला होतात. १६३९ साली झुपी नावाच्या इटालियन निरीक्षकाने त्या पाहिल्या. पण तो लहान, सूर्यापासून २८ अंशांपलीकडे न जाणारा आणि कायम क्षितिजालगतच्या थरथरत्या हवेत. नाशिक वीस अक्षांशावर असल्याने आपल्याकडे तो युरोपातल्यापेक्षा बराच उंच आणि सोपा दिसतो, तरीही लहान दुर्बिणीतून त्याची कला पाहणं म्हणजे उकळत्या पाण्यातून मोहरी पाहण्यासारखं.

आता बाहेरची रिंगणं. बाहेरचा माणूस तुमच्या आणि दिव्याच्या मधे कधीच येत नाही, म्हणून त्याची काळोखी बाजू तुमच्यासमोर येत नाही, एवढं तर सरळच आहे. पण गुरूची अष्टमीसुद्धा का होत नाही? त्यासाठी निफाड-दिंडोरीकडे जावं लागेल. रात्रीची वीज आली की शेतकरी डोक्याला बॅटरी बांधून द्राक्षाला, कांद्याला पाणी द्यायला निघतो. त्याला दिसणारी प्रत्येक गोष्ट समोरून उजळलेली असते. झाड, बांध, कुत्रं, काहीच त्याला अर्धं काळं दिसत नाही, कारण प्रकाश जिथून निघतो तिथेच त्याचे डोळे आहेत. बॅटरी हातात घेऊन हात लांब केला तर वस्तूच्या एका कडेला थोडी सावली दिसू लागते. वस्तू जवळ असेल तर जास्त, लांब असेल तर नगण्य.

गुरू ही फार लांबची वस्तू आहे, सूर्यापासून सुमारे ७८ कोटी किलोमीटर. तिथून पाहणाऱ्याला सूर्य आणि पृथ्वी यांच्यात कधीही बारा अंशांहून जास्त फट दिसणार नाही. बॅटरी आणि डोळे जवळपास एकाच जागी. त्यामुळे गुरूच्या तबकडीचा कमीत कमी ९९ टक्के भाग आपल्याला उजळलेलाच दिसतो. शनी आणखी लांब, तिथे ही फट सहा अंशांची, त्यामुळे फरक आणखीच नगण्य. मंगळ मात्र आपला शेजारी. तिथून सूर्य आणि पृथ्वी यांच्यात ४७ अंशांपर्यंत फट दिसू शकते, म्हणून मंगळ एका कडेने खरंच झिजतो, पण ८५ टक्क्यांच्या फारसा खाली नाही. म्हणजे शुक्ल द्वादशीचा चंद्र. कोर नाही, अर्धाही नाही, फक्त पौर्णिमेला तीन-चार दिवस कमी. महाशिवरात्रीला तो चेपल्यासारखा दिसला तो याच कारणाने.

आणि हे सगळं आपल्या जागेचं दुखणं आहे, ग्रहांचं नव्हे. जागा बदलली की कला बदलतात. मार्च १९७९ मध्ये गुरूला ओलांडून पुढे गेलेल्या व्हॉयेजर-१ या अंतराळयानाने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याला गुरूची झकास कोर दिसली, आणि तिची छायाचित्रंही त्याने पाठवली. मंगळावर उभं राहिलं तर पृथ्वीच आतल्या रिंगणातली होते. तिथल्या आकाशात आपण संध्याकाळची चांदणी, आणि दुर्बीण लावली तर आपलीच कोर.

गुरूचं नाव निघालं की नाशिककराला सिंहस्थ आठवतो. गुरू सिंह राशीत आला की रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी कुंभमेळा भरतो, आणि गुरूला राशिचक्राची एक फेरी करायला जवळपास बारा वर्षं लागतात म्हणून तो बारा वर्षांनी. इतका संथ चालणारा तो, याचंच कारण तो लांब आहे. आणि लांब आहे म्हणूनच त्याला कोर नाही.

शुक्राच्या बाबतीत बारा वर्षं थांबायची गरज नाही. त्याचे पाच फेरे जवळपास बरोबर आठ वर्षांत होतात, म्हणून मार्च २०१७, मार्च २०२५ आणि मार्च २०३३ यांत शुक्र त्याच नाटकाचा तोच अंक करतो. सध्याच्या फेऱ्यात बहिर्युती ६ जानेवारी २०२६ ला होती. १५ ऑगस्ट २०२६ च्या आसपास तो संध्याकाळच्या आकाशात सूर्यापासून सर्वांत लांब आणि बरोबर अर्धा असतो, आणि २४ ऑक्टोबरला अंतर्युती. पूर्णापासून अर्ध्यापर्यंत यायला सात महिने, आणि अर्ध्यापासून अमावास्येपर्यंत जेमतेम सत्तर दिवस. हेही त्या ट्रकसारखंच. ऑगस्टमध्ये नाशिकचं आकाश काही दाखवेल याची आशा नको. गणपती उठल्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांत ढगांची उघडीप मिळाली तर सूर्य मावळल्याबरोबर नैर्ऋत्येकडे पाहावं. पूर्ण अंधार पडायची वाट पाहू नये. आकाश अजून निळसर असतानाच पाहिलं तर चकाकी कमी आणि आकार स्पष्ट. मोठी दुर्बीण लागत नाही. पक्षी बघायला नांदूरमधमेश्वरला नेतो ती साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर), भिंतीला किंवा कठड्याला टेकवून धरली, तर मोठी कोर तिच्यातूनही दिसते.

खरा मोका दिवाळीत आहे. ८ नोव्हेंबर २०२६ ला लक्ष्मीपूजन, म्हणजे अंतर्युतीनंतर दोनच आठवडे. छोटा अस्त संपवून शुक्र पहाटे पूर्वेला आलेला असेल, मोठा आणि अगदी बारीक कोरीचा. अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठायचंच असतं. त्याच वेळी वर सिंह राशीत गुरू, ज्याच्यामुळे तोवर गोदाकाठी सिंहस्थाची गडबड सुरू झालेली असेल, आणि त्याच्या जवळपास तांबूस मंगळ. महाशिवरात्रीचे तिन्ही पाहुणे पुन्हा एकदा: एक कोर, एक पूर्ण, एक किंचित चेपलेला. सूर्य वर यायच्या आत दुर्बीण आवरायची, हा नियम भाचीला आत्ताच पाठ करून घेतला आहे. सूर्याकडे चुकून वळलेली दुर्बीण डोळा कायमचा घालवते.

शिक्षकांना दुर्बिणीसाठी सांगून ठेवलं आहे. मावशीने गच्चीवर यायचं कबूल केलंय, पण उटणं लावून थंडीत पाच मिनिटांपेक्षा जास्त उभी राहणार नाही म्हणाली, आणि या वेळी आधी काच पुसून ठेव म्हणाली.